बाळंतपणातलं दुखणं-खुपणं: घरी काय करायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

"असं होतंच गं." दिवस गेल्याचं कळल्यापासून हे वाक्य ऐकू यायला लागतं. मळमळतंय? होतंच. पाय सुजलेत? होतंच. टाके दुखतायत, रडू येतंय, झोप नाही? आम्हालाही झालं होतं. म्हणणारीच्या मनात माया असते, पण या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. काही त्रास आपोआप ओसरतात. काहींवर घरच्या घरी आजच उतार पडू शकतो, तरी बाई महिनोन्महिने सोसत राहते. आणि काहींत सकाळची वाट बघणंसुद्धा धोक्याचं असतं. प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना मला हळहळ वाटायची ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या बायकांची. त्यांना त्रास होता, त्यांनी तो सांगितलाही होता, पण तो कुणी निवडून पाहिला नव्हता.

ती निवड घरी करता यावी यासाठी हे लिहिते आहे. गरोदरपणाचा भाग थोडक्यात घेते, कारण तेव्हा निदान ठरलेल्या तपासण्या असतात. बाळंतपणानंतर मात्र सगळ्यांचं लक्ष बाळाकडे वळतं, म्हणून तिथे जास्त थांबू.

पहिले तीन-चार महिने

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात कमी होते. रिकाम्या पोटी ती वाढते. म्हणून उशाशी कुरमुरे, खाखरा किंवा भाजलेले चणे ठेवा. डोळे उघडले की पडल्या पडल्या दोन घास खा, पंधरा-वीस मिनिटं तशाच पडून राहा आणि मग उठा. दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं खा. पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळात घोट घोट घ्या. फोडणीचा वास सहन होत नसेल तर तेवढे दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा, यात लाड नाहीत. आल्याचा तुकडा चघळून बऱ्याच जणींना बरं वाटतं. एवढ्यानेही भागलं नाही तर डॉक्टरांकडे उलटीच्या सुरक्षित गोळ्या असतात. "गरोदरपणात गोळी नकोच" म्हणून उपाशी राहण्याने बाळाचं काही भलं होत नाही.

दिवसभरात पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि अगदी कमी होत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सलाइनची गरज आहे. रक्तस्राव होत असेल किंवा ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल तर लगेच निघा.

मधले आणि शेवटचे महिने

छातीतली जळजळ कमी करायला रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं घ्या, जेवल्यावर दोन तास आडवं होऊ नका, डोक्याकडची बाजू उंच ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिऊ नका. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा आणि ताण धरून ठेवा. झोपण्याआधी पोटऱ्यांना असाच ताण दिला तर रात्रीचे गोळे कमी होतात. सातव्या महिन्यानंतर कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या. मध्यरात्री पाठीवर असताना जाग आली तर घाबरू नका, फक्त कूस बदला.

लोहाच्या लाल गोळीवर बायकांचा फार राग असतो. शौचाला काळं होतं, खडा होतो, मळमळतं, मग गोळ्या पिशवीतच राहतात. काळं होणं निर्धोक आहे. ही गोळी चौथ्या महिन्यापासून 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस घ्यायची असते, कारण बाळंतपणात रक्त जाणारच असतं आणि हिमोग्लोबिन आधीच 11 च्या खाली असेल तर अंगात तग उरत नाही. गोळी चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू सोबत असेल तर लोह चांगलं शोषलं जातं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद न करता पाणी, पालेभाजी, भिजवलेले मनुके वाढवा आणि लागलं तर इसबगोल घ्या.

आता "होतंच" म्हणून सोडायचे नाहीत असे चार त्रास:

1. संध्याकाळी घोट्याला येणारी सूज साधी असते. पण चेहऱ्यावर आणि बोटांवर अचानक सूज, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. 140/90 किंवा जास्त असेल तर घरी परतायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं. हा त्रास बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, हे फार थोड्या घरांना माहीत असतं.
2. पुरळ नसताना तळहात-तळपायांना येणारी, रात्री वाढणारी खाज. यात यकृताची रक्ततपासणी लागते.
3. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. गोड खाऊन बघू, सकाळी जाऊ, असं करू नका.
4. लघवीला जळजळ, सोबत ताप किंवा कंबरेत एका बाजूला दुखणं.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. या शंका तिथेही विचारता येतात.

बाळंतपणानंतरचे पहिले दिवस

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल आणि भरपूर असतं, मग तपकिरी-गुलाबी, पुढे पिवळसर-पांढरं होत चार ते सहा आठवड्यांत थांबतं. दूध पाजताना किंवा बराच वेळ पडून उठल्यावर एकदम जास्त गेल्यासारखं वाटतं, तेवढं चालतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास झालं, लिंबाएवढ्या गुठळ्या पडल्या, दुर्गंधी आली, किंवा कमी झालेला स्राव पुन्हा लालभडक वाढला, तर निघायचं. बरोबरच्या बाईने पॅड स्वतः बघावं. "जास्त जातंय" यावर प्रत्येकीचा अंदाज वेगळा असतो, पॅड बघितलं की वाद उरत नाही.

ओटीपोटात कळा येतात, त्या गर्भाशय आकसत असल्याच्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या जास्त जोराच्या असतात आणि बाळ छातीला लागलं की वाढतात. दोन-तीन दिवसांत उतरतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही अंगावर पाजत असताना चालतात. किती आणि कधी, ते डॉक्टरांना विचारून घ्या. लघवी सहा तासांत झाली पाहिजे. लागल्यासारखं वाटतंय पण होत नाही, हे सिस्टरला स्वतःहून सांगा.

सिझर झालं असेल तर पहिल्यांदा उठण्याची सगळ्यांनाच धास्ती असते. सरळ उठून बसायला गेलं की टाक्यांवर सगळा ताण येतो आणि बाई पुन्हा पडते, मग दिवसभर उठायचं नाव काढत नाही. असं करा: गुडघे दुमडा. पूर्ण कुशीवर वळा. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा. आता खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीत रोवून अंग एका बाजूने उचला. बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, पाय हलवा, चक्कर नाही ना बघा, मग कुणाचा तरी दंड धरून उभ्या राहा. कंबरेतून वाकून चालू नका, हळूहळू ताठ व्हा. खोकला, शिंक, हसू आलं की टाक्यांवर उशी घट्ट धरा. पहिल्या दिवसभरातच असं उठून चार पावलं चालल्याने पायांतल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. एकच पाय सुजला, पोटरी गरम होऊन दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली, तर 108 बोलवा.

खालचे टाके आणि शौचाची भीती

योनीमार्गाजवळचे टाके बहुधा आपोआप विरघळतात. दर लघवी-शौचानंतर पुढून मागे कोमट पाणी ओता, मऊ फडक्याने टिपून कोरडं करा, पॅड चार तासांनी बदला. टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनदा दहा मिनिटं बसा. सूज असेल तर पहिल्या दोन दिवसांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. टाक्यांवर हळद, राख, तेल काही लावू नका. टाके उसवतील या भीतीने शौच दाबून ठेवणं हेच जास्त त्रासाचं ठरतं. पायांखाली छोटा पाट घ्या, पुढे झुका, टाक्यांवर स्वच्छ पॅड हलकंच दाबून धरा, श्वास सोडत बसा. तरी खडा होत असेल तर मल मऊ करणारं औषध मागून घ्या.

बारसं बाराव्या दिवशी असतं आणि त्या दिवशी बाळंतिणीला तीन-चार तास साडी नेसवून पाटावर बसवतात. ते टाळता येतं. तिला मऊ आसनाच्या खुर्चीत, अर्धा तास बसवा, ओटी भरा आणि आत झोपू द्या. नाव ठेवायला तिचं तिथे बसून राहणं लागत नाही.

छाती: पान्हा, भेगा, गाठी

पहिला चीक बाळाला पाजा, तो पिळून टाकू नका. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं तेव्हा दोन्ही छात्या ताठ, जड, गरम होतात. बाळाला वरचेवर, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा घ्या. पाजण्याआधी कोमट फडक्याचा शेक, पाजून झाल्यावर थंड पट्टी. बाळाच्या तोंडात येत नाही इतकं ताठ झालं असेल तर हाताने थोडं दूध काढून पुढचा भाग मऊ करा. जोरजोरात चोळून गाठ फोडायचा प्रयत्न करू नका, त्याने सूज वाढते.

भेगा पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाळ फक्त बोंड चोखत असतं. पाजताना बघा: बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, मान वळलेली नको. त्याच्या वरच्या ओठाला बोंड लावा, मोठा आ करेपर्यंत थांबा, आणि मग बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालून बराच आत गेलेला, गिळण्याचा आवाज येतोय, असं असेल तर पकड बरोबर. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. भेगांवर स्वतःच्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्या. एका भागावर लाली, दुखरी गाठ, ताप आणि हुडहुडी असेल तर दवाखान्यात जा, पण पाजणं थांबवू नका.

दूध पुरतंय का, याचं उत्तर छातीच्या आकारात नसतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय आणि वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय.

ज्यांच्या कुशीत बाळ उरलं नाही त्यांनाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. त्याची कल्पना कुणीच देत नाही आणि तो दिवस फार अवघड जातो. घट्टसर ब्रा, थंड पट्ट्या, अगदी असह्य झालं तर आराम पडेल एवढंच दूध काढणं, हे करता येतं. दूध आटवण्याची गोळी डॉक्टर देऊ शकतात. त्या बाईचीही सव्वा महिन्याची विश्रांती तितकीच खरी आहे.

शेक-शेगडी, पाणी आणि पथ्य

आपल्याकडचा सव्वा महिना मला मनापासून आवडतो. चाळीस दिवस एखादीला कामापासून दूर ठेवणं, गरम जेवण हातात देणं, अंगाला तेल लावणं, ही शहाणी रीत आहे. तिच्यातल्या तीन गोष्टी मात्र बदलायला हव्यात.

बाजेखाली कोळशाची शेगडी आणि दारं-खिडक्या बंद, हे करू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आई आणि बाळ दोघंही झोपेतच गुदमरू शकतात. ओवा-शोपांच्या धुरीने बाळाच्या श्वासाला त्रास होतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कंबरेला, फडक्यातून. सिझरच्या टाक्यांवर शेक नको, आणि जखम भरेपर्यंत पोटाला मालिशही नको.

दुसरं, पाणी. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" म्हणून बाळंतिणीला दिवसाला दोन भांडी पाणी मिळतं, बाहेर मे महिना असतो. कमी पाण्याने बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि रक्त गोठणं, तिन्हींचा धोका वाढतो. प्रत्येक वेळी पाजायला बसताना तिच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवा. पोट सुटण्याचा पाण्याशी संबंध नाही.

तिसरं, पथ्य. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, सुंठ, तूप जरूर द्या. पण मेतकूट-भात आणि लाडू एवढ्यावरच महिना काढू नका. अंगावर पाजणारीला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात आणि त्या नुसत्या तुपातून येऊन भागत नाही. वरण, उसळ, अंडी, मासे, पालेभाज्या, फळं सगळं चालतं. आईने संत्रं खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही.

मन

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बायका रडतात. संप्रेरकं एकदम उतरलेली, झोप तुटलेली, अंग दुखतंय. काही सांगायला जावं तर हुंदका येतो. दोन आठवड्यांत हे ओसरतं. यात उपदेश नको. जवळ बसा आणि तिला झोप द्या. झोप द्यायची म्हणजे काय, ते ठरवूनच करावं लागतं: रात्री नऊचं पाजून झालं की बाळ आजीकडे किंवा बाबाकडे. तेच ढेकर काढतील, लंगोट बदलतील, फिरवतील. बाळ भुकेनं उठेपर्यंत आईला कुणी हाक मारायची नाही. पाहुण्यांची वेळही घरच्यांनीच सांगावी, बाळंतिणीवर ते टाकू नका.

दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, कशातच रस वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नाही, "मी चांगली आई नाही" हे सारखं मनात येतं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही किंवा सतत धास्ती वाटते, तर हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये जे प्रमाण मांडलं गेलं ते 22 टक्के होतं, म्हणजे साधारण पाचातली एक आई. पुष्कळदा त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. मुलगी झाली म्हणून घरात पडलेली शांतता, सासरहून न आलेला फोन, आधी गेलेलं बाळ, यांचं ओझं तिच्याच मनावर येतं. "माहेरी आहे, सगळं हातात मिळतंय, तरी रडते" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत, एकटीला गाठून, बाळाला मांडीवर घेऊन: गेल्या काही दिवसांत सारखं उदास किंवा निराश वाटतंय का? आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही असं होतंय का? एकाचं जरी "हो" आलं तरी आशाताई, डॉक्टर किंवा टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक गाठा, तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशनाने बरं वाटतं, आणि गोळ्या लागल्या तरी अंगावर पाजत असताना घेता येतील अशा असतात.

बाळ हातातून पडलं तर, गुदमरलं तर, असे नकोसे विचार पुष्कळ आयांच्या मनात येतात. त्यांना त्या विचारांचीच भीती वाटते. ते बोलून दाखवल्यावर कुणी "असलं काय बोलतेस" असं दटावू नये. वेगळी आणि तातडीची गोष्ट ही: पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत दोन-तीन रात्री झोपच नाही, असंबद्ध बोलणं, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल विचित्र पक्के समज. हजारात एक-दोघींना होणारा हा गंभीर आजार आहे आणि उपचारांनी बरा होतो. बाधा झाली, दृष्ट लागली म्हणत दिवस घालवू नका. आई आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली तरीही हेच करा.

उशिरा लक्षात येणारे त्रास

शिंकताना लघवी गळते, हे बायका वर्षानुवर्षं सांगत नाहीत. लघवी आणि वारा दोन्ही अडवल्यासारखे स्नायू आत-वर खेचा, पाच मोजेपर्यंत धरा, तितकाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट आवळू नका. फरक पडायला तीन महिने लागतात. त्यानंतरही गळत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखणं बाळाला काखेत धरून उचलण्याने वाढतं, त्याऐवजी तळहात बाळाच्या खाली सरकवून उचला. दोन ते चार महिन्यांनी केस मुठीने गळतात, ते बहुधा वर्षभरात परत येतात.

42 व्या दिवसाची तपासणी

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. त्यांना बाळाबरोबर आईचीही चौकशी करायला सांगा. 100.4 अंशांवर ताप कधीही आला तर भेटीची वाट बघू नका.

सहा आठवड्यांनी बाळाच्या लसीसाठी जाल तेव्हा स्वतःचा केसपेपरही काढा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके तपासून घ्या. गरोदरपणात साखर वाढली असेल तर ग्लुकोज पिऊन होणारी तपासणी याच सुमारास पुन्हा करायची असते, ती बहुतेक जणी विसरतात. लघवी गळणं, संबंधांच्या वेळी दुखणं, उदासी हे सगळं कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही. आणि पाळणा लांबवण्याबद्दल तिथेच विचारा, कारण पाळी सुरू होण्याआधीही दिवस राहू शकतात.